बिनखिशांचं कार्यालय

"खिसेच नकोत," हेडक्लार्क म्हणाला, आणि सकाळपासून चाललेल्या बैठकीत पहिल्यांदाच सगळे जागे झाले.

बैठक होती नळजोडणी कार्यालयात, साहेबांच्या खोलीत. मुख्यालयातून फर्मान आलं होतं की भ्रष्टाचार आणि काळा पैसा रोखण्यासाठी प्रत्येक कार्यालयाने उपाय सुचवावेत आणि ते व्यवहार्य आहेत की नाहीत यावर साधकबाधक चर्चा करावी. चर्चेत साधक फार नव्हतं, बाधक मात्र भरपूर होतं. कुणीतरी कॅमेरे बसवा म्हणालं, तर नवीन जोडणीच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, कॅमेऱ्यात माणसाचं तोंड दिसतं, दानत कुठे दिसते? दुसरा म्हणाला, मोठ्या नोटा बंद करा. त्यावर नवीन जोडणीवालाच कळवळून म्हणाला, लहान नोटांनी पाकीट उगाच फुगतं हो, गोरगरिबांचे हाल होतात. या कारकुनाला सगळे सबूरराव म्हणत. अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो 'जरा सबुरीनं घ्या' एवढंच सांगे, आणि पाकीट मिळालं की त्याची स्वतःची सबुरी तिथल्या तिथे संपे. भ्रष्टाचार का थांबणार नाही या विषयाचा त्याच्याइतका दांडगा अभ्यास अख्ख्या खात्यात कुणाचा नव्हता.

हेडक्लार्कचं सगळंच उलटं. उभ्या नोकरीत त्याने कुणाचा फुकट चहादेखील घेतला नव्हता. धुतल्या तांदळासारखा माणूस. म्हणून लोक पाठीमागे त्याला 'तांदूळ' म्हणत. साहेब तोंडावरही म्हणत.

"खिसे नकोत म्हणजे काय, तांदूळ?" साहेबांनी विचारलं.

"गणवेश द्यायचा सगळ्यांना. शर्टाला खिसा नाही, पँटला खिसा नाही. घेतलेलं ठेवणार कुठे? खिसाच नसेल तर माणूस घेणारच नाही."

"आणि रुमाल?" सबूररावने विचारलं.

"टेबलावर."

"किल्ल्या?"

"गळ्यात."

"चष्मा?"

"नाकावर. तो तिथेच असतो ना?"

सबूररावने नाकावरचा चष्मा वर सरकवला. साहेब मात्र खुलले. उपाय स्वस्त होता, फोटोत दिसण्यासारखा होता, आणि साहेबांच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान होतं. हा शेवटचा मुद्दा अर्थात त्यांना सगळं ठरून गेल्यावर आठवला. बिनखिशांचे गणवेश खिसेवाल्यांपेक्षा महाग पडले, कारण मेहुण्याचं म्हणणं असं की खिसा लावणं कुणालाही जमतं, न लावायला कसब लागतं.

"तांदूळ, हा प्रयोग तुमच्या गळ्यात," साहेब म्हणाले. "मुख्यालयाची समिती बघायला येईल. तिनं पसंत केला, तर तुमच्या बदलीची शिफारस मी स्वतः पाठवतो."

तांदूळ खुर्चीत सरसावून बसला. त्याची बायको दुसऱ्या गावी शाळेत शिकवत होती आणि मुलगी तिच्याजवळ होती. मुलगी चालायला लागायच्या आधीपासून तो बदली मागत होता. आता ती शाळेत जाऊ लागली होती आणि हा रविवारचा पाहुणा झाला होता. दारात बूट काढायला वाकला की ती विचारायची, "बाबा, परत कधी जाणार?" तिच्या मनात काही नसे बिचारीच्या. पाहुण्यांना विचारतात तसं विचारायची. बदलीचा अर्ज मुख्यालयात लोळत पडला होता, कारण तिथल्या कारकुनाला काहीतरी हवं होतं.

"द्या की हो टाकून एकदाचे," बायको म्हणायची. "सगळे देतात."

"माझ्या हातून ते व्हायचं नाही," तो म्हणायचा, आणि तिथेच बोलणं संपायचं.

तर अशा रीतीने प्रयोग सुरू झाला. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात सवयीने मांडीकडे जात आणि घसरून खाली येत. गळ्यात किल्ल्यांचे जुडगे अडकवून हिंडणाऱ्या कारकुनांमुळे साऱ्या कार्यालयात किणकिणाट झाला. पण दोन-तीन दिवसांत तांदळाच्या एक गोष्ट लक्षात आली. जगभर माणसं सकाळी जड डबा घेऊन येतात आणि संध्याकाळी हलका घेऊन जातात. सबूररावचं उलटं होतं.

त्याने डबे बंद केले. लोकांनी कुरकुर केली, पण उपाहारगृहात जेवू लागले.

मग सबूररावची चाल बदलली. तो दुपारनंतर पाय जपून टाकू लागला, आणि जिना उतरताना त्याच्या मोज्यांतून करकर आवाज येऊ लागला. तांदळाने मोजे बंद केले. मग बूटच करकरू लागले. तांदूळही हट्टाला पेटलेला. त्याने नियम काढला की पादत्राणं व्हरांड्यात काढायची आणि अनवाणी कामाला बसायचं.

"तांदूळ, आता पुढे काय उतरवणार?" सबूररावने विचारलं. "एकदाच काय ते सांगा, म्हणजे घरी विचारून येतो."

व्हरांड्यात लोखंडी मांडणी आली. पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सगळ्यांचेच बूट काळे, त्यामुळे दुरुस्तीवाला बिलवाल्याचे बूट घालून घरी गेला, बिलवाला चपला घालून लग्नाला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. तांदूळ कामाचा पक्का. त्याने प्रत्येक खणावर स्वतःच्या वळणदार अक्षरात पाट्या लावल्या: 'नवीन जोडणी', 'दुरुस्ती', 'बिल तक्रारी', 'हेडक्लार्क'. इतकी नेटकी मांडणी साहेबांच्या घरीही नसेल.

आणि काय सांगावं, चमत्कार झाला. महिनोन्‌महिने अडलेल्या फायली धावू लागल्या. टेबलांपुढच्या रांगा आटल्या. कुणी कुणाला 'सबुरीनं घ्या' म्हणेना. लोक येत, व्हरांड्यात घटकाभर रेंगाळत, आत येऊन अर्ज ठेवत आणि हसतमुखाने परत जात. तांदळाला आनंदाने गहिवरून आलं. त्याने बायकोला फोन लावला.

"उपाय लागू पडला गं. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. कामं बघशील तर पटापट होतायत."

"मागत नाहीत, मग कामं कशी काय होतायत?"

"माणसं मुळात चांगलीच असतात. त्यांना फक्त वळण लावावं लागतं."

बायको शिक्षिका होती. वळण लावण्याचा तिला रोजचा अनुभव होता, म्हणून तिने 'जेवलात का' एवढंच विचारलं.

समिती आली तेव्हा तिघे अधिकारी होते. नियम म्हणजे नियम, तेव्हा त्यांनीही बूट काढले. त्यांच्यासाठी पाटी नव्हती, म्हणून शिपायाने ते चकचकीत जोड मांडणीच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवले. मग तिघांनी अनवाणी कार्यालय पाहिलं. ड्रॉवर उघडले, गणवेश चाचपले, पंख्यांच्या पात्यांवरही नजर टाकली. कुठे चिटोरं सापडलं नाही. तरी अध्यक्षांचा चेहरा काही खुलेना.

"दिसायला ठीक आहे," साहेबांच्या खोलीत बसून ते म्हणाले, "पण हे सगळीकडे जमायचं नाही. माणसाला खिसा लागतो हो. आम्हाला तर हा उपाय अव्यवहार्य वाटतो."

दुसऱ्या दोघांनी माना डोलावल्या. साहेबांनी तांदळाकडे असं पाहिलं की जणू सगळे खिसे त्यानेच कापले. तांदळाच्या डोळ्यांपुढे रविवारचा दरवाजा आला.

सगळे व्हरांड्यात आले. अध्यक्षांनी बुटात पाय घातला, पण तो अर्ध्यावर अडला. त्यांनी जोर लावला. मग वाकून आत डोकावले आणि तसेच थोडा वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी दोन्ही सदस्यांकडे पाहिलं. दोघांचाही एकेक पाय अर्धा बाहेर होता.

अर्थ उघड होता. बिनपाटीचे, भारी कातड्याचे, सगळ्यात वरच्या खणातले बूट पाहून व्हरांड्यातल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

"मघाशी मी जरा घाईत बोललो," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पाय दाबून आत सारला आणि कळ आल्यासारखं तोंड केलं. "नीट विचार करता उपाय पूर्ण व्यवहार्य आहे. मुख्यालयातसुद्धा लगेच लागू करायला हवा. विशेषतः ही पाट्यांची कल्पना फार चांगली आहे."

मग तिघेही लंगडत गाडीत बसले. अध्यक्षांच्या टाचेमागून पाकिटाचा कोपरा डोकावत होता. तांदळाने तो पाहिला.

"हे केव्हापासून?" त्याने सबूररावला विचारलं.

"बूट बाहेर गेले त्या दिवसापासून." सबूररावने लपवाछपवी केली नाही. "खोटं कशाला बोलू, तुमच्या पाट्यांनी मोठी सोय झाली. पूर्वी नवखी माणसं भलत्याच टेबलाला देऊन बसायची. मग रडारड. आता तोंड उघडावं लागत नाही, ओशाळं वाटत नाही. तुमच्या खणात तेवढं कुणी टाकत नाही. तुमच्याकडे लोकांचं कामच नसतं ना."

तांदूळ तडक साहेबांच्या खोलीत शिरला. साहेब नुकतीच कसल्यातरी कागदावर सही करून तो वाळवत होते.

"या. तुमच्या बदलीची शिफारस," साहेब म्हणाले. "काही सांगायचंय का?"

तांदूळ कागदाकडे पाहत उभा राहिला. सांगायचं पुष्कळ होतं. पण सांगितलं असतं तर सहीवर रेघ ओढायला साहेबांना कितीसा वेळ लागणार होता?

"काही नाही," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत तो बदलीचा हुकूम आणायला मुख्यालयात गेला. सरकारी कामाला गणवेशातच जायचं, हाही नियम त्याचाच. स्वतःचं पैशाचं पाकीट घरी ठेवलेलं आणि बसचा पास गळ्यात. मुख्यालयाच्या व्हरांड्यात नवी कोरी मांडणी होती आणि पाट्यांवरचं अक्षर त्याच्याच वळणाची नक्कल करून काढलेलं होतं. पाहुण्यांसाठी खण नव्हता. 'भरती'चा कारकून रजेवर असल्याने तो खण रिकामा होता. तांदळाने त्यात बूट ठेवले आणि आत गेला.

बदल्यांच्या टेबलामागे एक कारकून अनवाणी पाय हलवत बसला होता.

"हुकूम तयार आहे," तो म्हणाला. "नुसती सही राहिलीये. माझे बूट बाहेर आहेत. भरतीच्या शेजारचा खण."

"मी तसलं काही करत नाही."

"मी कुठे काय म्हणालो? बूट कुठे आहेत तेवढं सांगितलं."

"इतकी वर्षं दिलं नाही. आजही देणार नाही."

"मग जरा वेळ लागेल," कारकून गोडपणे म्हणाला आणि दुसरी फाईल उघडून बसला.

तांदूळ तणतणत बाहेर आला. गेली खड्ड्यात बदली, असं म्हणत त्याने बुटात पाय खुपसला. पाय अर्ध्यावर अडला.

पाकीट जाडजूड होतं. नोकरीसाठी धडपडणाऱ्या कुणा अभाग्याने भरतीच्या खणातला जोड भरतीवाल्याचाच समजून त्यात ते सारलं होतं. तांदळाने इकडेतिकडे पाहिलं. परत करावं, तर ज्याचं त्याचा पत्ता नाही. वरिष्ठांकडे द्यावं, तर वरिष्ठ म्हणजे ते लंगडत गेलेले अध्यक्ष. हातात धरून उभं राहावं, तर लोक काय म्हणतील? आणि ठेवायला खिसा नव्हता. खिसाच नसेल तर माणूस घेणारच नाही, हे त्याचंच म्हणणं होतं, आणि ते अगदी खरं ठरलं. त्याने पाकीट घेतलं नाही. शेजारच्या खणात सरकवलं.

मग बूट पुन्हा काढून तो आत गेला. कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं, उठून व्हरांड्यात एक चक्कर मारली आणि परत आल्या आल्या हुकमावर सही आणून दिली.

त्या संध्याकाळी तो बायकोच्या गावी पोचला. आठवड्याच्या मधल्याच वारी बाबांना दारात बघून मुलगी गोंधळली.

"बाबा, परत कधी जाणार?"

"आता नाही जाणार. सामान आणायला तेवढं एकदा."

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवल्यावर ती त्याच्या पायाला येऊन चिकटली. बायकोने हुकूम पुन्हा पुन्हा वाचला.

"खरं सांगा, किती द्यावे लागले?"

"माझा एक पैसासुद्धा नाही."

"आणि मी मेली तुम्हाला द्या द्या म्हणत होते." तिने हुकमाची नीट घडी घातली. "तुमचंच खरं. अहो, आमच्या शाळेत वादविवाद ठेवलाय. भ्रष्टाचारावरचे उपाय व्यवहार्य आहेत की नाहीत. पोरं पाठ करून बोलतील. तुम्ही तर करून दाखवलंत. तुम्हीच या ना पाहुणे म्हणून, दोन शब्द सांगा त्यांना."

तांदूळ खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. सोडायला त्याला बराच वेळ लागला.

"तुमच्या शाळेत," त्याने मान वर न करता विचारलं, "बूट बाहेर काढावे लागतात का?"