तलगारच्या सफरचंदबागेत जपान सर केल्याची हकीकत

“हनुवटी खाली, खांदे सैल, आणि हसायचं नाही हां तोर्गिन. हसलीस की जपान गेलं!”

ऐसा झान्साया बाईसाहेबांचा हुकूम भर हिवाळ्यात अलमाटी मुक्कामी चहाच्या मजलशीत सुटला होता, तो वसंत उजाडला तरी तोर्गिनच्या कानी घुमत असे. सर्वसाक्षी परमेश्वर, जो थोरांचा दिमाख आणि धाकट्यांची आस एकाच नजरेने पाहतो, त्याचे स्मरण करून त्या मोहिमेचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे घातले नाही, कोणाचे झाकलेही नाही.

मोहिमेचे मूळ ऐसे की, जपानी वेश धारण करून चेरीच्या बहराखाली उभे राहावे, तसबिरा काढवाव्या, आणि त्या मुलखोमुलखी फोनांवर झळकवाव्या, ऐसा मनसुबा बाईसाहेबांनी केला. बाईसाहेब आठवडाभर दंतवैद्याच्या दवाखान्यात रोग्यांना नंबर देत, परंतु सुटीचे दिवशी साक्षात जपानचे सेनाधीश होत. तसबिरांची कामगिरी मिरास जंग यांजकडे, ज्यांचा कॅमेरा मावसभावाचा आणि तोरा स्वतःचा. आणि दर्जीखाना तोर्गिनकडे. तिने तीन साले सर्वांचे पोशाख पडद्यांच्या कापडातून बेतिले, आणि मग प्रत्येक मोहिमेत उजेड परतवणारा चंदेरी पत्रा धरून बाजूस उभी राहिली. सबब तीन सालांच्या एकंदर तसबिरांत तिचे एक कोपर मात्र दाखल आहे. तेव्हा यंदा बाईसाहेबांनी छातीवर हात ठेवून फर्माविले, “मधली तसबीर तुझी. शप्पथ!” आणि त्या एका शब्दावर तोर्गिनने स्वतःकरिता निळा किमोनो शिविला, बाह्यांवर पांढरे सारस काढिले, आणि वसंताची वाट पाहिली.

जपानी चेरीच्या बागा त्या प्रांती नाहीत. मग सफरचंदाचा बहर दुरून कोण ओळखतो, ऐसी मसलत होऊन शनिवारी फौज शहराबाहेर तलगारास बेइसेन अतांच्या बागेवर दाखल जाली. अता म्हणजे आजोबा; हे तोर्गिनच्या वडिलांचे जुने शेजारी. दारातून भाकर तोडल्यावाचून पुढे जाऊ नये हा त्या मुलखाचा दंडक, सबब फौजेने भाकर तोडिली, मग बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, घेतले, मग मुरंबा, आणि उठतेसमयी बाईसाहेबांचा कमरपट्टा बंदास पोहोचेना. मिरास जंग यांनी मागून गुडघा लावून तो किल्ला बंद केला.

मग बागेत जाऊन पाहतात तो काय? फुले जपानास लाजवतील ऐसी, परंतु प्रत्येक बुंधा, दरसाल वसंतात लावितात तैसा, कमरेपावेतो चुन्याने पांढराफेक!

“जपानात झाडांना पायजमे नसतात!” बाईसाहेब गर्जल्या. “खरवडून काढा!”

“चुना काय शोभेला लावलाय होय?” अता म्हणाले. “उन्हानं साल तडकते, पोरींनो. कीड चढते.”

तेव्हा तहाचे बोलणे लागले. अखेर अतांनी चार झाडे दिली, या करारावर की दुसरे दिवशी चुना परत चढावा.

“आम्ही सगळे येतो, अता! पहाटेच!” बाईसाहेबांनी आश्वासन फेकिले.

अतांनी त्यांजकडे पाहिले नाही. “तोर्गिन, तुला विचारतोय.”

“लावीन, अता.”

म्हातारा मान हलवून घरात गेला, आणि मागे वळून पाहिलेही नाही.

मग तोर्गिन आणि मिरास जंग यांनी पाणी मारून चार बुंधे घासिले, आणि बाईसाहेबांनी सावलीत बसून उत्तेजन दिले. मग लढाईस तोंड लागले. बाईसाहेब तलवार उपसून उभ्या, तलवार टेकवून उभ्या, तलवार हरपल्याच्या दुःखात बसलेल्या, ऐशा तसबिरा निघाल्या. टोप फांदीत अडकून शिकस्त खाण्याचा प्रसंग आला, तो निभावला. पाकळ्यांचा वर्षाव हवा ऐसा हुकूम होताच मिरास जंग यांनी फांद्या हलविल्या. “अजून!” पुन्हा हलविल्या. “अरे, जेवला नाहीस का? अजून!” येणेप्रमाणे चारही झाडे बोडकी जाली, आणि सूर्य डोंगराआड कलला. तेव्हा बाईसाहेबांस स्मरले.

“चल गं तोर्गिन, तुझी पाळी. ही झाडं गेली कामातून, पुढची चार घासू.”

“नको.”

“अगं, तुझ्याच तसबिरीसाठी ना?”

“चारांचाच शब्द दिलाय.”

“म्हातारा येतोय होय मोजायला?”

तोर्गिनने अतांच्या बंद दाराकडे पाहिले, आणि सारसांच्या बाह्यांकडे पाहिले. मग तिने चंदेरी पत्रा उचलून सेनाधीशांच्या हाती दिला. “धर, झान्साया. जरा उंच.” आणि ती फुललेल्या झाडाखाली पांढऱ्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली.

“हे जपान नाही दिसत!” पत्र्याआडून बाईसाहेब ओरडल्या. “आपलं तलगार दिसतंय!”

“मग तलगार काढ, मिरास.”

मिरास जंग यांनी, उमरीत प्रथमच बाईसाहेबांचा हुकूम न विचारता, कळ दाबिली.

त्याच रात्री तसबिरा प्रसिद्ध जाल्या आणि टोळधाडीप्रमाणे पसंतीचे लाल बदाम उतरले. ओसाकाच्या एका गृहस्थांनी, सफरचंदाचा बहर फार सुंदर आहे, ऐसे अदबीने लिहिले. ते बाईसाहेबांनी तत्काळ पुसून टाकिले. तोर्गिनची तसबीर मोहिमेच्या लौकिकास बाधक म्हणून वगळिली. बाकी कुल मुलूख काबीज जाला, फौजेपैकी कोणी पडले नाही, एक नख मात्र कामी आले. येणेप्रमाणे जपान सर जाल्याची नोंद असे.

रविवारी उजाडता बाईसाहेबांचा संदेश आला की, अंग फार ठणकतंय गं, पुढच्या आठवड्यात बघू.

तोर्गिनने फोन बाजूस ठेविला. केसांस रुमाल बांधिला, चुन्याची बादली आणि कुंचा घेतला, घरची माणसे जागी होऊ नयेत म्हणून दार हलकेच ओढून घेतले, आणि ती तलगारच्या बसकडे चालू लागली.