बिनबटणाचे यीस्ट

ज्याला थांबता येते त्याच्या हातून प्रगती होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. प्रत्येक जनुकाच्या दाराशी डीएनएचा एक तुकडा मुकादमासारखा बसलेला असतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. काही प्रवर्तक विशिष्ट साखर दिसली तरच जनुकाला कामाला लावतात. काही मात्र अहोरात्र हाकत राहतात. त्यांना बंद करायचे बटणच नसते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका प्रयोगशाळेने यीस्टवर अर्थातच या दुसऱ्या जातीतला सर्वांत जबर मुकादम नेमला.

तिथल्या तरुण संशोधक तूवाचे यीस्ट केशराचा रंग बनवणार होते. त्याने डिसेंबरातल्या लुसियाच्या सणाचे केशर घातलेले पिवळे पाव स्वस्त होणार होते आणि तूवाची नोकरी पक्की होणार होती. (या देशात पावातली वेलचीसुद्धा ‘लागोम’, म्हणजे ना कमी ना जास्त, लागते. प्रवर्तक तेवढा जास्तीत जास्त हवा होता. ठराव कॉफी पिता पिता एकमताने झाला. कॉफीच्या वेळी विरोध करणे असभ्यपणाचे असते.)

आधी फ्लास्क पिवळाधमक झाला, मग पांढराफटक. रंग बनवण्यात राबणाऱ्या पेशी वाढीत मागे पडल्या. ज्यांनी केशराचे जनुक गुपचूप टाकून दिले, त्यांचा वंश फोफावला.

“राग्नार, कमजोर प्रवर्तक लावू या,” तूवा म्हणाली. “रंग फिका येतो, पण टिकतो. मी करून बघितलंय.”

राग्नार म्हणजे विभागप्रमुख. (त्यांना सगळे ‘अरे’च म्हणतात, त्यामुळे भांडायला निमित्त उरत नाही.) ते कळवळून म्हणाले, “अगं, अहवालात ‘कमजोर’ कसं लिहायचं? त्यापेक्षा जनुकाच्या दोन प्रती घालू. तुला काय वाटतं?”

सर्वांना तसेच वाटले. मग तूवालाही वाटले.

दुप्पट ओझ्याचे यीस्ट दुप्पट वेगाने पांढरे पडले, आणि तूवा सुट्टीच्या दिवशीही त्याच्या उशापायथ्याशी बसू लागली. शेवटी तिची झोप उडाली. डॉक्टरांनी थकव्याची रजा लिहून दिली.

“पूर्ण विश्रांती घे हं,” राग्नार फोनवर म्हणाले. “मेल तेवढे बघत जा.”

ती बघत राहिली. त्यातल्याच एका मेलमध्ये तिची जागा दुसऱ्याला दिल्याचे अत्यंत प्रेमळ शब्दांत कळवले होते.

तूवाला यीस्टचा राग आला नाही, हेवा वाटला. यीस्टला मेंदू नसतो, म्हणून त्याला नको ते ओझे टाकून देता आले. तुम्हाला-आम्हाला तो आहे. म्हणूनच तर साहेबांचा निरोप आला का, हे मध्येच दोनदा बघून तुम्ही ही गोष्ट इथवर वाचलीत.