कंपनीपुरतं नाव

नाशिकच्या एका मोठ्या दुकानाने वच्छलाबाई बोरसे यांच्या बिबड्या वर्षभर घ्यायचे कबूल केले, पण एका अटीवर. माल कंपनीकडून आला पाहिजे, कोणाच्या घरच्या गच्चीवरून नाही. धुळ्याजवळच्या कापडण्यातल्या त्या गच्चीवर वच्छलाबाई, म्हणजे गावाच्या अक्का, ज्वारीच्या या पापडासारख्या बिबड्या वाळवत अर्धा जन्म उभ्या होत्या. त्यांचे यजमान चिंधा आबा यांचा बिबड्यांशी संबंध खाण्यापुरता. तरी कंपनीचा विषय निघताच टोपी झटकून आधी उठले ते आबाच. कंपनीला डायरेक्टर लागतो, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते.

धुळ्याचे सीए जिनेशशेठ यांनी सगळे नीट समजावले. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की धंदा बुडाला तरी धंदाच बुडतो, घर आणि म्हशी शाबूत राहतात. डायरेक्टर मात्र निदान दोन हवेत. मुलगा योगेंद्र दीपनगरला सरकारी नोकरीत, त्याला चालत नाही. तेव्हा आबा आणि अक्का असे ठरले. आबांनी त्याच दिवशी नवा कोट शिवायला टाकला.

आता राहिली होती फक्त डिजिटल सही. त्यासाठी मोबाइलसमोर बसायचे, पॅन कार्ड दाखवायचे आणि कार्डावरचे पूर्ण नाव स्पष्ट बोलायचे. आबांनी आपले नाव असे काही ठणकावले की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. मग सून रूपाने मोबाइल अक्कांपुढे धरला.

"वच्छलाबाई," अक्का म्हणाल्या, किंचित लाजल्या, आणि पुढे एकदम "बोरसे" म्हणाल्या. मधली जागा त्यांनी रिकामी सोडली.

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे अक्कांना त्यांच्या सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. नाव घ्यायचेच तर उखाण्यात, आणि तेही चार बायकांनी अडवल्यावर. हे मोबाइलच्या पलीकडे दिल्लीत बसलेल्या तपासनिसाला कोण सांगणार? त्याने नाव अपुरे म्हणून अर्ज परत पाठवला.

दुसऱ्या खेपेला अक्कांनी मधल्या जागी नवऱ्याकडे बोट दाखवले. आपल्याला बोलावले समजून आबा कोट सावरत कॅमेऱ्यात आले. अर्ज परत. चित्रात दोन माणसे. मग रूपाने युक्ती काढली आणि मधले नाव मागून हळूच आपणच बोलली. तिचा आवाज सासूपेक्षा गोड होता, तिथेच घात झाला. शेवटी अक्का स्वतःच म्हणाल्या की उखाणा चालत असेल तर घेते. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी सुरेख सुरुवात केली:

"ज्वारीनी बिबडी, तिळना थर, चिंधारावनं नाव लेस, उजळी गयं घर."

या वेळी नाव आले होते, आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. दिल्लीहून शेरा आला की अर्जदार गात आहे.

इकडे नाशिकचे दुकान घाई करू लागले. त्याला दुसरीकडच्या बिबड्याही मिळत होत्या. आबा अक्कांना समजावून थकले. "ले ना वं नाव. मी सांगस ना, माले काही व्हत नही." अक्का म्हणाल्या, तुम्ही सांगाल, पण तुम्हाला काही झाल्यावर तुम्ही थोडेच सांगायला येणार?

जिनेशशेठने फोनवर सोपा उपाय सुचवला. अक्कांच्या जागी रूपा डायरेक्टर झाली तर काम संध्याकाळपर्यंत होईल. रूपा नवऱ्याचे नाव दिवसातून शंभरदा घेते, तेही ओरडून.

अक्कांना ते फार लागले. मग म्हणाल्या, "बिबड्या मी करू अन् कंपनी रूपानी?"

त्या मोबाइलसमोर जाऊन बसल्या. "मन्हं नाव वच्छलाबाई चिंधा बोरसे," त्या म्हणाल्या आणि घाईने वळून आबांकडे पाहू लागल्या. रूपानेही पाहिले. आबांनीही गुपचूप आपली नाडी धरून पाहिली. काही झाले नव्हते. रूपाने तरीही त्यांना पाणी दिले.

कंपनी झाली. घराची पुढची ओसरी हे कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ठरले. पहिल्या बैठकीला जिनेशशेठ स्वतः आले आणि कौतुकाने म्हणाले की कंपनीत नवरा-बायको असे काही नसते, दोन्ही डायरेक्टर सारखे, कागदोपत्री आणि बोलण्यात दोघांची नावेच घ्यायची. अक्कांनी मान डोलावली. एकदा घेऊन नवऱ्याला काही होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेच होते.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर आबा पाच-सहा मंडळींना डायरेक्टर म्हणजे काय ते सांगत बसले होते. बिबड्या भरायचे खोके त्या दिवशी यायचे होते. आतून आवाज आला, "चिंधा, खोके उनात का?"

मंडळी चपापली. आबा आत धावले. अक्कांनी शांतपणे समजावले, "ओसरीवर तुम्ही डायरेक्टर. चुल्हाजोडे मन्हा मालक." आणि खरोखरच स्वयंपाकघरात त्या पूर्वीसारख्याच 'अहो' म्हणत. आबा उंबरा ओलांडून बाहेर आले की मात्र चिंधा. आठवडाभरात आबांनी ओसरी सोडली. ते चुलीशेजारी बसू लागले, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या हाती परात आपोआप येते.

शेवटी ते कोट घालून धुळ्याला गेले. कार्यालय ओसरीतून गोठ्यात हलवता येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

"येईल ना, आबा," जिनेशशेठ म्हणाले. "ठराव करावा लागेल. त्यासाठी दोघांची बैठक घ्या."

"कोठे?"

"सध्याच्या कार्यालयातच. ओसरीवर."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जिनेशशेठने विचारले, "गाडीची वेळ झाली ना, आबा? की चहा सांगू?"

"सांगा," आबा खुर्चीत मागे टेकत म्हणाले. "मी थोडा येळ आठेच तुमनाकडे बठस. आठे माले आबा म्हणतस."