पालखीचा पहिला मान

पिंपळकोंडच्या शाळेत तीन मुलं उरली होती आणि तिन्ही भागोजीच्या घरातली होती. त्याचा धाकटा मुलगा मंगेश महाडच्या एमआयडीसीत पाळीला जायचा, म्हणून त्याची पोरं तेवढी गावात राहिली. बाकीचं गाव मुंबईत. एके काळी वर्गात जागा नसायची, पोरं पडवीत बसायची. शाळेनं गाव शिकवलं, शिकलेलं गाव मुंबईला गेलं आणि तिथून आता शाळेच्या आठवणींचे मेसेज पाठवत होतं.

पट कमी म्हणून शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार, असा निरोप आला. शाळा बंद झाली तर पोरांना डोंगर उतरून खालच्या गावी जावं लागणार. शाळेच्या दर्शनाबाई रडवेल्या झाल्या. भागोजी शाळा समितीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "बाई, सायबांना शिमग्यात बोलवा. मुंबईकर पालखीला येतात, त्यांची पोरं बसवू वर्गात. जूनपास्ना हितंच नावं घालणार म्हनून सांगू."

"अहो काका, ती खरंच घालणार आहेत का?"

"घालतील न घालतील. बोलाय काय जातंय?"

बोलायला काहीच जात नाही, म्हणून तर गावात एवढं बोललं जातं.

पालखीच्या दिवशी सकाळी नवीनच घोळ झाला. मुंबई मंडळाचा अध्यक्ष सुनील तणतणत आला. "दादा, पालखी दारात आली की घरातलं समदं माणूस उंबऱ्यात पायजे, ही गावची रीत. आमची पोरं तुमच्या शाळेत अडकली, मग सकाळी पालखी आमच्याकडं येणार कशी?"

"मग?"

"मग काय, पयला मान तुमी घ्या. आमी दुपारनंतर."

भागोजीच्या बापानं या पहिल्या मानासाठी तीन भांडणं केली होती आणि तिन्ही हरला होता. भागोजीला आनंदानं काही सुचेना. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसत नाही, हेच खरं. तो बायकोला हाका मारत घराकडे धावला. "बनुबाय, अंगण सारव गो! पोरांना बोलव, पालखी पयली आपल्याकडं!"

"अवो, पण पोरं तर शाळेत..."

"पालखीला घरातली नकोत काय? बोलव म्हनतो ना!"

पोरं आली. रीत मोडली नाही.

इकडे साहेबांची जीप शाळेसमोर थांबली. भरलेला वर्ग बघून ते खूश झाले. त्यांनी एका मुलाला विचारलं, "बाळ, कोणत्या शाळेत जातोस?"

"सर, मेरा स्कूल घाटकोपर में है."

"ही जूनपासून येणार आहेत," बाई पुटपुटल्या.

"उत्तम. आणि आता शिकतात ती मुलं कुठायत?"

बाईंनी वर्गाकडं पाहिलं, मग दाराकडं. "ती... घरी गेलीत. पालखी आलीय."

"म्हणजे जी नाहीत ती हजर आणि जी आहेत ती गैरहजर?" साहेब शांतपणे म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

वाटेत पालखी आडवी आली. पुढचा दांडा भागोजीच्या खांद्यावर, तोंड गुलालानं माखलेलं. खांद्यावरची पालखी मध्येच खाली ठेवत नाहीत. "सायेब, थांबा वो! पोरं हायत माझी! ही बघा, नाचतायत!" तो ओरडला. ढोलात कुणाला काय ऐकू येणार? साहेबांनी खाली उतरून भक्तिभावानं हात जोडले, नाचणाऱ्या त्याच्या नातीच्या, अक्षदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते निघून गेले.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. मंडळानं हळहळ व्यक्त केली आणि बंद शाळेला रंग काढला, पालखी बसवायला चांगली जागा झाली म्हणून. भागोजीचं दुःख कमी व्हावं म्हणून पहिला मान कायमचा त्याला दिला.

पुढच्या शिमग्यात सकाळी पालखी शाळेतून निघाली आणि भागोजीच्या दारात आली. तो नारळ घेऊन उंबऱ्यात उभा होता.

"दादा, पोरं कुठं?" सुनीलनं विचारलं.

"खालच्या शाळेत. परीक्षा हाय. येतीलच एवढ्यात."

"घरातली समदी पायजेत दादा. आपलीच रीत हाय. पालखी थांबत नाय."

ढोल वाजला. पालखी वळली आणि सुनीलच्या अंगणात गेली. तिथं त्याची मुंबईची पोरं नवे कपडे घालून उंबऱ्यात ओळीनं उभी होती, एकसुद्धा कमी नव्हतं.

भागोजीनं नारळ बनुबाईच्या हातात दिला. खाली डोंगराच्या वाटेवर तीन दप्तरं चढताना दिसत होती. अक्षदा मधेच बसत होती, पुन्हा उठत होती. तो तिचं दप्तर घ्यायला उतरू लागला.