संकेतस्थळाचे यश आणि खोलीचे कुलूप

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सार्वजनिक ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात मूल्यमापन समितीची बैठक भरली. ग्रंथालयाचे संकेतस्थळ किशोरवयीन वाचकांना कितपत खिळवून ठेवते, हे तिला ठरवायचे होते. निष्कर्ष प्रतिकूल निघाल्यास तळमजल्यावरील किशोर विभाग बंद होणार होता. त्यामुळे ग्रंथपालांनी सकाळपासून तिथली कपाटे तीनदा पुसली होती. समितीत किशोरवयीन सदस्य कोणी नव्हता. तथापि किशोरवयाचा अनुभव प्रत्येक सदस्याच्या गाठी होता, आणि तो आता पुरेसा जुना झाल्यामुळे विश्वसनीयही होता.

संकेतस्थळाच्या तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवला. "मुलं आपल्या संकेतस्थळावर सरासरी पाऊण तास थांबतात. एवढी कुठंच थांबत नाहीत."

"करतात काय इतका वेळ?" अध्यक्षांनी विचारले. ते निवृत्त प्राचार्य होते.

"ते मोजायची सोय नाही, सर. थांबतात, एवढं सिद्ध आहे."

तरीही एक किशोरवयीन व्यक्ती प्रत्यक्ष पाहून घ्यावी, असे ठरले. ग्रंथपालांची भाची खाली किशोर विभागात वाचत बसली होती. तिला वर बोलावण्यात आले. पान हरवू नये म्हणून पुस्तकात बोट घालूनच ती आली.

"बाळ, हेच पुस्तक संकेतस्थळावर शोधून दाखव पाहू," अध्यक्ष म्हणाले.

तिने नाव लिहून कळ दाबली. स्वागताचे पान उघडले आणि अध्यक्षांचे छायाचित्र सावकाश उलगडले. तिने पुन्हा दाबली. छायाचित्र पुन्हा उलगडले. समितीचा चहा आला, संपला, कपही उचलले गेले.

"मामा, हे सारखं यांच्या फोटोवरच आणून सोडतंय."

"पाहिलंत?" तज्ज्ञ उजळले. "मूल पुन्हा पुन्हा येतंय!"

"येत नाहीये हो काका. बाहेर पडता येत नाहीये."

"हेतू हा मोजमापाचा विषय नव्हे," अध्यक्षांनी समज दिली. "एरवी पाहतेस का संकेतस्थळ?"

"कशाला? पुस्तक खाली कपाटात असतं की."

दोष सापडला होता. खाली उजेड होता, खुर्च्या होत्या, पुस्तके हाताशी होती; इतक्या प्रलोभनांपुढे कोणते संकेतस्थळ तग धरील? ग्रंथालयाचा किशोर विभाग हाच ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचा प्रतिस्पर्धी आहे, असे एकमताने ठरले.

"पण साहेब," ग्रंथपाल चाचरत म्हणाले, "तो विभाग वाचावा म्हणूनच ना हे सगळं?"

"वाचलाच आहे तो!" अध्यक्ष म्हणाले. "निष्कर्ष अनुकूल आहे. तो आणखी अनुकूल व्हावा, एवढ्यासाठीच खोलीला कुलूप लावू."

कुलूप लागले. खोली कधी उघडणार हे पाहण्यासाठी मुले संकेतस्थळावर गेली आणि अध्यक्षांच्या छायाचित्रापाशी अडकली. सरासरी थेट दुप्पट झाली. समितीने स्वतःचा सत्कार योजला. त्यासाठी आयती रिकामी खोली मिळाली. वृत्तांत संकेतस्थळाच्या स्वागताच्या पानावर, त्याच छायाचित्राखाली, येताच गावातील सुजाण नागरिकांनी, म्हणजे तुम्हीआम्हीच, अभिनंदनाचा पाऊस पाडला. आजकालची मुले वाचत नाहीत, ही खंतही बहुतेकांनी जाता जाता नोंदवली.

ग्रंथपालांनी त्याच वृत्तांताखाली, कोणाला न विचारता, एक कळ बसवली होती: 'किशोर विभाग पुन्हा उघडावा असे वाटत असल्यास येथे दाबा.' आठवडा उलटला तरी कळीपुढचा आकडा हलेना. तेव्हा बंद खोलीबाहेरच्या पायरीवर बसलेल्या भाचीपुढे त्यांनी आपला फोन धरला.

"बघ ना जरा. हेही बटण बिघडलंय वाटतं."

पुस्तकात बोट घालून तिने पाहिले, आणि फोन परत दिला.

"चांगलं चालतंय, मामा. एकदाच दाबलंय कोणीतरी. ते मीच."