बी विंगच्या नळातलं रॉकबिली

उत्तरेश्वर गरडने ती थाप मारली तेव्हा अख्खी टीम कॉन्फरन्स कॉलवर होती, त्यामुळे नंतर शब्द फिरवायची सोयच उरली नाही.

शुक्रवारची संध्याकाळ होती. हिंजवडीतल्या काचेच्या खोलीत टेबलावरच्या काळ्या यंत्रातून ग्लेन बोलत होता. ग्लेन म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिसचा क्लायंट. त्याच्या विमा कंपनीचं सॉफ्टवेअर ही मंडळी सांभाळायची. काम संपलं आणि ग्लेनला गप्पांची हुक्की आली. ऑफिस सुटल्यावर तुम्ही लोक काय करता, असं त्याने विचारलं. कोणी काही बोलेना, कारण ऑफिस सुटण्याची सवय कोणालाच नव्हती.

"आय प्ले रॉकबिली गिटार," ग्लेन म्हणाला. "हाउ अबाउट यू, उटी?"

उटी म्हणजे उत्तरेश्वर. परदेशी जिभेला त्या नावात तेवढंच थंड हवेचं ठिकाण सापडलं होतं.

"मी टू," उत्तरेश्वर म्हणाला.

का म्हणाला, हे त्यालाही कळलं नाही. शांतता फार लांबली होती आणि भरायला जवळ दुसरं काही नव्हतं. यंत्रातून ग्लेनचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला. मॅनेजर राकेश तर खुर्चीतून अर्धा उठलाच.

"अरे, तू गिटार वाजवतोस? कधी बोलला नाहीस!" कॉल संपल्यावर राकेश म्हणाला.

"मलाही आत्ताच कळलं."

"सुपर्ब! पुढच्या महिन्यात ग्लेन पुण्यात येतोय. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं की हैदराबादच्या टीमला द्यायचं, ते ठरवायला. त्याला तुझ्या घरी जेवायला बोलावू. तू वाजव. बाकी मी बघतो."

"राकेश, ऐक ना, मला खरं तर..."

"लाजू नकोस रे. सगळ्या टीमच्या नोकऱ्या तुझ्या बोटांवर आहेत," असं म्हणून राकेशने त्याच्या बोटांकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की उत्तरेश्वरने हात खिशात घातले.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ही बातमी सांगितली तेव्हा बायको अपेक्षा पोळ्या लाटत होती आणि वडील हिंमतराव पेपर वाचत होते. हिंमतराव बार्शीच्या एसटी डेपोतून निवृत्त होऊन मुलाकडे आले होते.

"काय बिल्ली?" त्यांनी पेपर खाली केला.

"रॉकबिली, दादा. अमेरिकेतला गाण्याचा प्रकार हाय जुना. अंगठ्याने जाड तारेवर ठेका धरायचा अन् बाकीच्या बोटांनी वर गाणं पळवायचं."

"मंग तुला येतं व्हय?"

"नाही."

"मंग सांगितलं कशापायी?"

अपेक्षाने पोळी उलटली. ती मूळची सदाशिव पेठेतली, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागत नसे.

"खरं सांगून टाक की त्याला. मेल कर. 'डिअर ग्लेन, सोबत माझा खोटेपणा जोडला आहे.' एवढं सोपं आहे."

एवढं सोपं असतं तर माणसं गिटार शिकलीच नसती. दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर लक्ष्मी रोडवरून गिटार घेऊन आला आणि तसाच जवळच्या क्लासला गेला. क्लासच्या पाटीवर लिहिलं होतं: 'गिटार, कीबोर्ड, हस्ताक्षर सुधारणा.' तिन्ही विषय सर्जेराव सर एकटेच शिकवत.

"आधी सरगम. ती बसली की भक्तिगीतं. मग बघू," सर म्हणाले.

"सर, मला रॉकबिली हवं होतं."

"बिली? तो आपल्या बॅचला नाही. सकाळच्या बॅचला विचारा."

मग उरलं इंटरनेट. घरी नवं ब्रॉडबँड आलं होतं आणि त्याच्या जाहिरातीतला चित्ता वाऱ्याच्या वेगाने धावायचा. प्रत्यक्षातल्या चित्त्याला दम्याचा त्रास असावा. उत्तरेश्वरला एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ सापडला. म्हातारा अंगठ्याने 'बूम-चक, बूम-चक' करत सुटायचा आणि ऐन रंगात आला की गोठायचा. पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. मग एकाएकी म्हातारा पुन्हा दौडू लागायचा. उत्तरेश्वर हे सगळं जसंच्या तसं शिकला. गोठण्यासकट.

पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे गद्रे काका उभे होते. काका सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि हे पद आपल्याला देवाने दिलेलं आहे, निवडणूक हा केवळ उपचार, अशी त्यांची समजूत होती.

"गरड, आपल्याकडे सुतारकाम चालू आहे का?"

"नाही काका. मी गिटार शिकतोय."

"अच्छा. म्हणजे संपायची तारीख नाही." काका वळले आणि जिना उतरून गेले.

तरी उत्तरेश्वर नेटाने वाजवत राहिला. अडचण वेगळीच होती. म्हाताऱ्याचा प्रत्येक सूर भिंतीवर चेंडू आपटावा तसा लगेच परत यायचा, आणि रॉकबिलीची सगळी गंमत त्या परत येण्यातच होती. उत्तरेश्वरचा सूर गेला की गेला.

"माझा आवाज परत येत नाही गं," तो म्हणाला.

"येईल कसा? तो खाली जाऊन गद्रे काकांना भेटतो. मग काका परत येतात."

आवाज घुमेल अशी जागा शोधत उत्तरेश्वर गच्चीवर पोहोचला. बी विंगची वापराच्या पाण्याची टाकी गळत होती म्हणून रिकामी ठेवली होती. बाथरूमचे नळ कोरडे होते आणि लोक स्वयंपाकघरातून बादल्या वाहत होते. उत्तरेश्वरने झाकण उघडून आत हाक मारली. हाक दुप्पट होऊन परत आली. तो हरखलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार पाठीला बांधून तो आतल्या लोखंडी शिडीने टाकीत उतरला आणि एक तार छेडली. काय तो आवाज! भारदस्त, गोल, ताबडतोब परत येणारा. अवघ्या कर्वेनगरात आपण एकटेच खरं रॉकबिली वाजवतोय, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

एकटाच वाजवत होता हे खरं. ऐकत मात्र सगळी बी विंग होती. टाकीच्या तळातून निघालेले कोरडे पाइप थेट प्रत्येकाच्या बाथरूममध्ये उतरत होते.

गद्रे काका तोंडाला साबण लावून दाढीला बसले होते. समोरचा नळ 'बूम-चक, बूम-चक' करू लागला. काकांनी नळ घट्ट केला. नळ थांबला. काकांनी वस्तरा उचलला. नळ पुन्हा सुरू झाला. दुपारी नोटीस बोर्डावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना लागली: 'बी विंगच्या नळांतून पाण्याऐवजी संगीत येत आहे. चौकशी चालू आहे. फुकट मिळते म्हणून सभासदांनी ऐकत बसू नये.'

उत्तरेश्वरने ती वाचली आणि इकडेतिकडे बघून काढता पाय घेतला. पण ग्लेन यायला थोडेच दिवस राहिले होते आणि टाकीइतकी चांगली जागा पुण्यात दुसरी नव्हती. प्लंबरला बोलावलं. त्याने पाइपाला कान लावला आणि लाइनमध्ये हवा धरल्याचं सांगितलं.

"हवेला ठेका कसा काय?" काकांनी विचारलं.

"जुनी लाइन हाय साहेब. काय सांगावं."

समितीची बैठक बसली. उत्तरेश्वर समितीवर होता. कबूल करायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा जांभई देऊन मिटलं. टाकीची गळती काढून झालीच होती, तेव्हा रविवारी पूर्ण दाबाने पाणी सोडून हवा बाहेर काढावी, असा ठराव आला. पाठिंब्याला पहिला हात उत्तरेश्वरचा होता. ग्लेन शनिवारी संध्याकाळी जेवायला येणार होता, म्हणजे शनिवारची सकाळ तालमीला मोकळी होती.

शनिवारी सकाळी तो टाकीत बसून असा काही वाजवत होता, की त्याचे डोळे आपोआप मिटले. खाली गद्रे काकांच्या नळाने इतका जोर धरला, की काकांच्या गालावर वस्तरा लागला. रक्त पुसत, तशाच अर्ध्या दाढीने काका जिन्यात आले.

"वॉचमन! पंप चालू कर! रविवारपर्यंत ही हवा माझा गळा कापेल."

उत्तरेश्वरच्या डोक्यावर पाण्याचा लोट कोसळला. पहिल्यांदा त्याला वाटलं की टाळ्याच पडताहेत. मग गिटारीत पाणी भरलं आणि 'बूम-चक'चं 'बुडुक-बुडुक' झालं. त्याने गिटार डोक्यावर धरली, निसरड्या शिडीवर चाचपडत चढला आणि झाकणातून डोकं बाहेर काढलं.

गच्चीवर गद्रे काका, वॉचमन, अर्धी समिती आणि हिंमतराव उभे होते. हवा बाहेर पडते कशी, हे बघायला सगळे वर आले होते.

काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "गरड, पाइपात धरलेली हवा ती आपणच का?"

उत्तरेश्वरच्या केसांतून पाणी निथळत होतं. "होय काका."

"ठरावाला हात आपलाच पहिला होता."

"होय काका."

"उत्तऱ्या, आधी भाईर निघ," हिंमतराव म्हणाले. "चौकशी वाळल्यावर करू."

गिटार दुपारपर्यंत फुगून भोपळ्यासारखी झाली. अपेक्षाला वाटलं होतं तो रडेल. तो चक्क शीळ घालत होता. "बुडाली! आता मला वाजवताच येणार नाही. अगदी खरं कारण आहे. पुराव्यासकट!" महिन्याभरात पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

संध्याकाळी बेल वाजली. राकेशच्या मागे सहा फुटी ग्लेन उभा होता आणि त्याच्या हातात भली मोठी काळी पेटी होती. उत्तरेश्वरने हात जोडून गिटारीच्या जलसमाधीची हकिकत सांगितली. ग्लेनने हळहळून ऐकली, मग पेटी उघडली. आत नारिंगी रंगाची झगझगीत गिटार होती.

"नो प्रॉब्लेम, उटी! मी माझी आणलीय."

दार उघडंच होतं. गालावर पट्टी चिकटवलेले गद्रे काका आत आले आणि न विचारता खुर्चीत बसले. "महिनाभर तुकड्या-तुकड्यांत ऐकतोय. म्हटलं, एकदा सलग ऐकावं."

सुटका नव्हती. उत्तरेश्वरने गिटार घेतली. अंगठा ठेक्यावर पडला, बोटं पळाली. मग तो गोठला. राकेशने डोळे मिटले. क्षणभराने उत्तरेश्वर पुन्हा दौडू लागला, पुन्हा गोठला, पुन्हा दौडला. सगळं त्याला आलं होतं तसं आणि तेवढंच. गाणं संपलं. ग्लेनचे डोळे भरून आले होते. हे बार्शीकडच्या शेंगदाण्याच्या आमटीमुळे झालं नसावं, कारण ती अजून वाढायची होती.

जेवणानंतर ग्लेनने उत्तरेश्वरला बाल्कनीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"उटी, मला एक नोटसुद्धा वाजवता येत नाही," तो हळूच म्हणाला. "मेम्फिस म्हणजे रॉकबिलीचं माहेर. तिथल्या माणसाने गिटार येत नाही म्हटलं, की लोक विचित्र बघतात. म्हणून येते म्हणतो. वर्षानुवर्षं म्हणतोय. ही गिटार मी कधी पेटीबाहेरच काढली नव्हती. तू मला शिकवशील?"

उत्तरेश्वरला आपलीही कबुली द्यावीशी वाटली. पण काचेपलीकडे राकेश दोन्ही हात जोडून उभा होता.

"व्हाय नॉट," उत्तरेश्वर म्हणाला.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. अमेरिकेने आधी आपला हिशेब-बिशेब पुण्याला पाठवला होता, मग विमा पाठवला, आता रॉकबिलीही पाठवलं. दर शुक्रवारी कॉल संपला की उत्तरेश्वर ग्लेनला धडा द्यायचा आणि राकेश त्या तासाची नोंद 'नॉलेज ट्रान्सफर' अशी करायचा. ग्लेन झपाट्याने शिकत होता. त्याच्या एक धडा पुढे राहता राहता उत्तरेश्वरची दमछाक व्हायची.

एका शुक्रवारी ग्लेनचा आवाज पडलेला होता. त्याच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने तक्रार केली होती. खालच्या मजल्यावर राहणं अशक्य झालंय म्हणे. तुमच्याकडे हा प्रश्न कसा मिटवलात, असं ग्लेन विचारत होता.

घरी परतल्यावर उत्तरेश्वर खालच्या मजल्यावर गेला. त्याने बेल दाबली. गद्रे काकांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि त्या फटीतून सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. मग साखळी काढली, दार पूर्ण उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तरेश्वरला म्हणाले, "या, बसा."

"काका, मग मी त्याला काय सांगू?"

"ग्लेनला काही सांगू नका," काका चष्मा पुसत म्हणाले. "त्या सेक्रेटरीचा फोन नंबर तेवढा मिळवून द्या. त्या गृहस्थांचं सांत्वन करायला कोणीतरी हवं."