लाभ, दोन, तीन, चार

ज्या घरात स्वयंपाक अंदाजानं होतो, त्या घराचं भवितव्य एका मुठीवर अवलंबून असतं, असं निवृत्त विज्ञानशिक्षक कल्याण गुरुजींचं ठाम मत होतं. ती मूठ त्यांची नव्हती, ही अडचण.

मुलगी मोनिका संगमनेरला सासरी दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. पहिल्या खेपेला गुरुजींनी पेढे वाटण्यापलीकडे इकडची काडी तिकडे केली नव्हती, आणि ते त्यांना अजून सलत होतं. यंदा लेकीनं बापाच्या हातचे मेथीचे लाडू खायचेच! म्हणून कर्जतच्या घरी पत्नी लंकाबाई पहिला घाणा करायला बसल्या, तेव्हा गुरुजी वजनकाटा घेऊन शेजारी बसले. बाई तो घाणा घेऊन लेकीकडे जाणार. दुसरा गुरुजींनी एकट्यानं करून पाठवायचा.

काम शास्त्रशुद्ध झालं. बाईंची मूठ अकरा वेळा तोलली. सरासरी त्रेचाळीस ग्रॅम (रागात एक्कावन्न, त्यासाठी मुद्दाम भांडण काढावं लागलं, पण विज्ञानासाठी गुरुजींनी तेही सोसलं). 'बेतानं' म्हणजे नव्वद ग्रॅम, 'हात राखून' म्हणजे साठ. लग्नातल्या वाटीला पोचा होता, सबब दर वाटीमागे चार ग्रॅम पोचा-वजावट.

"लिवा," बाई म्हणाल्या. "लाभ, दोन, तीन, चार. झाली कणीक."

(पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, म्हणजे बरकत येते. ही खळ्यावरची रीत. परंतु संख्येच्या रकान्यात संख्याच बसते. तेव्हा प्रत्येक लाभ 'शेरा' या रकान्यात गेला आणि शेवटचा आकडा संख्येत. रीतही राहिली, शिस्तही राहिली.)

अंतिम कोष्टक असं झालं: कणीक चार वाट्या, ४१२ ग्रॅम. गूळ तीन, ४५०. तूप दोन, २७०. सुकं खोबरं दोन, १३०. खारकेची पूड दोन, २१०. डिंक दोन मुठी, ८६.

बाई पहिला घाणा घेऊन गेल्यावर गुरुजींनी कोष्टकाबरहुकूम लाडू वळले, संगमनेरला जाणाऱ्या पाहुण्याबरोबर धाडले. मोनिकाचा फोन आला. "पप्पा, लई भारी झालेत! आईच्यापेक्षा गोड!" गुरुजींना रडूच आलं. मग त्यांनी कोष्टक सदतीस व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं. आठशे बारा अंगठे आले, दोनशे चौदा नमस्कार आणि एक तक्रार ('खारीक'मधली री दीर्घ हवी, ती तिथे नव्हतीच).

तिसऱ्या दिवशी लंकाबाईंचा फोन.

"अवो, मेथी टाकली का?"

"कोष्टकात होती तेवढी सगळी टाकली."

"किती हुती?"

गुरुजींनी कच्ची वही काढली. मेथीचं पीठ एकच वाटी लागतं. ते घेताना बाई फक्त "लाभ" म्हणाल्या होत्या. संख्येचा रकाना कोरा, शेऱ्यात लाभ. आणि संख्या नसलेल्या ओळी अंतिम प्रतीतून वगळायच्या, असा नियम स्वतः गुरुजींनीच केला होता.

"पोरीला दूध कमी पडतंय," बाई म्हणाल्या. "मेथीसाठी लाडू असत्यात, कौतुकासाठी न्हाई. आता परत करा. आन् काटा ठिवा बाजूला."

गुरुजींना फार वाईट वाटलं. त्या दुपारी त्यांनी लाडू पुन्हा केले, पोचा असलेल्या वाटीनं, आणि पहिल्या वाटीला मोठ्यानं 'लाभ' म्हणाले. शुद्धिपत्रक मात्र काढलं नाही. आठशे बारा जणांपैकी एकानंही मेथी विचारली नव्हती, मग चूक झाली हे नियमानुसार ठरतच नव्हतं.

वाचकहो, हसू नका. कोष्टक वर जसंच्या तसं दिलं आहे. आपणही ते वाचलंत, मान डोलावलीत आणि मेथीवाचून पुढे आलात.